सरड्याची धाव कुठपर्यंत?

दिवाळीची सुटी संपली की विद्यार्थी येतात आणि दारातच म्हणतात, "सर, प्रोजेक्टला एखादा टॉपिक द्या ना." टॉपिक म्हणजे त्यांच्या मनात एक मथळा असतो: 'धाराशिव जिल्ह्यातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास'. आठ तालुके, त्यात बालाघाटाचे डोंगर, परंड्याकडचं सपाट रान, नळदुर्गची बोरी नदी, येडशीचं जंगल. आणि हातात तीन महिने, एक मोबाईल, एसटीचा पास. शेवटी व्हायचं तेच होतं. नेटवरून यादी उतरवली जाते, यादीला फोटो चिकटवले जातात, स्पायरल बाइंडिंग होतं आणि तोंडी परीक्षेत "सापसुरळी कुठे पाहिलीस?" म्हटलं की पोरगं छताकडे बघतं.

म्हणून मी टॉपिक देत नाही. एक म्हण देतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. खरी आहे का ते बघून या.

पहिल्यांदा हसतात. मग घोळ सुरू होतो, आणि तोच मला हवा असतो. कुठला सरडा? बाभळीवर मान हलवत बसणारा, की माळावर दोन पायांवर पळणारा? कुंपण कशाचं? आपल्याकडे बोरीबाभळीच्या फेसाटीचं असतं, तारेचं असतं, घायपाताचं असतं, नाहीतर नुसता दगडी बांध. धाव म्हणजे घाबरून पळाला ती, की किड्यामागे गेला ती? मोजायची कशी, वावांत की मीटरमध्ये? असे पाच-सहा प्रश्न वहीत उतरले की प्रकल्पाचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं चालण्याचं आहे.

हा लेख त्या चालण्याबद्दल आहे. जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी, आणि मार्गदर्शक मिळाला नाही तरी काम करायचंच असं ठरवलेल्या पोरापोरींसाठी.

सरडेच का

वाघ बघायला ताडोब्याला जावं लागतं. सरडा घराच्या मागच्या बांधावर असतो, दिवसा उजेडी असतो, एका दगडावर तासभर बसतो आणि दुर्बीण नसली तरी दिसतो. त्याचं अंग उन्हावर चालतं, त्यामुळे हवामानाचा आणि त्याच्या वागण्याचा संबंध डोळ्यांसमोर उलगडतो. आणि सरड्यांबद्दल अजून शोधायचं खूप शिल्लक आहे, हे सांगायला आपल्याच भाषेतला पुरावा आहे.

उन्हाळ्यात माळावर नर सरडा उंचवट्याच्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडझाप करतो. गळ्याला पंखा असलेले असे सारे सरडे पूर्वी 'सिताना' या एकाच प्रजातीत टाकलेले होते. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातले हे सरडे जनुकं, हाडं, खवले असं सगळं लावून पुन्हा तपासले. त्यातून पाच नव्या जाती निघाल्या आणि एक अख्खी नवी प्रजाती. तिला नाव दिलं 'सारडा', आपल्या 'सरडा' या मराठी शब्दावरून. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा देखणा सरडा झाला 'सारडा सुपर्बा'. जर्डनने १८७० मध्ये दख्खनच्या नावाने नोंदवलेला जुना सरडा झाला 'सारडा डेक्कनेन्सिस'. गुराख्याच्या तोंडचा शब्द लॅटिन नावांच्या रांगेत जाऊन बसला, ही गोष्ट मी पहिल्या तासाला सांगतो. वर्गातल्या मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करतं.

'सारडा'च्या नराच्या गळ्यावर निळा, काळा, नारिंगी असे भडक पट्टे. 'सिताना'त बहुधा पांढरट गळा, त्यावर कमीअधिक निळं. मग आपल्या तालुक्यातल्या कुठल्या माळावर कोणता गळा? काळ्या रानाच्या कडेला कोणता, मुरमाड बरडावर कोणता? हातही न लावता, नुसत्या चांगल्या फोटोंवर एप्रिल ते जून एवढ्यात होणारं हे काम आहे. फोटो मात्र गळा उघडा असतानाचा हवा, आणि शक्यतो त्याच सरड्याचा वरूनही एक.

एक सरडा, एक टेप

म्हण तपासायला जी पद्धत आम्ही वापरतो ती खर्चिक नाही. आम्ही तिला 'पळ-अंतर' म्हणतो. सरडा दिसला की थांबायचं. किती लांब आहे ते लक्षात ठेवायचं. मग सरळ त्याच्याच दिशेने, एका चालीने चालायला लागायचं. सेकंदाला एक पाऊल. घाई नाही, दबकणं नाही. ज्या क्षणी तो उठला त्या क्षणी पायाशी चिंधी बांधलेला खिळा टाकायचा. तो जिथे बसला होता तिथे दुसरा खिळा. जिथे जाऊन लपला तिथे तिसरा. मग टेप. पहिल्या दोन खिळ्यांमधलं ते पळ-अंतर, दुसऱ्या-तिसऱ्यातली ती धाव. म्हणीतलं कुंपण म्हणजे हा तिसरा खिळा.

ऐकायला सोपं, पण पहिल्या दिवशी सगळं चुकतं. खिळा टाकायच्या आधी पोरं दोन पावलं पुढे जातात. सरड्याकडे बघता बघता बोरीच्या काट्यात पाय घालतात. एकाचा सदरा लाल, दुसऱ्याचा मातकट, आणि दोघांची अंतरं वेगळी येतात. सरड्यामुळे की सदऱ्यामुळे, कोण सांगणार? म्हणून कपडे सगळ्यांचे मळखाऊ, चालणारा शक्यतो एकच, लिहिणारा दुसरा. एका सरड्याला दिवसात एकदाच उठवायचं. पहिल्या दहा नोंदी सरावाच्या समजून बाजूला ठेवायच्या. त्या फेकवत नाहीत, मला माहीत आहे, पण ठेवायच्या.

यामागचा विचार यडेनबर्ग आणि डिल या दोघांनी १९८६ साली मांडला. प्राणी शत्रू दिसताक्षणी पळत नाही; पळण्याचाही खर्च असतो. ऊन सोडावं लागतं, तोंडाशी आलेला मुंगळा सोडावा लागतो, जागा दुसऱ्या नराच्या ताब्यात जाते. बसून राहण्याचा धोका या खर्चापेक्षा वाढला की तो उठतो. म्हणजे लपायची जागा लांब असेल तर त्याने लवकर उठायला हवं. आहे का तसं? एवढा एक प्रश्न पदवीच्या प्रकल्पाला पुरतो. दोन स्तंभ, तीस-चाळीस नोंदी, आलेख कागदावर.

याच साध्या मापाने केवढं मोठं काम होतं याचं उदाहरण चाळकेवाडीचंच आहे. मरिया ठाकर, आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथल्या पवनचक्क्यांखालचे आणि पवनचक्क्या नसलेल्या भागातले सरडे ताडून पाहिले. २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये ते छापून आलं. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी, सरड्यांची गर्दी जास्त. ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी होतं. पण अंगाने ते रोडावलेले आणि रंगाने फिके होते. शिकारी गेला म्हणून सरड्याचं भलं झालं असं सरळ गणित निघालं नाही.

बालाघाटाच्या माथ्यावर आपल्याकडेही पाती फिरताना दिसतात, त्यामुळे हा अभ्यास ऐकला की प्रत्येकाला तोच करायचा असतो. करा, पण एक पवनचक्कीची टेकडी आणि एक बिनपवनचक्कीची टेकडी अशी तुलना करून निष्कर्ष काढू नका. दोन टेकड्यांत फरक असायला शंभर कारणं असतात: एकीवर शेळ्या जास्त, एकीवर मुरूम उपसलेला, एकीच्या पायथ्याला पाझर तलाव. दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार टेकड्या घेतल्या तर बोलता येईल. तेवढं जमत नसेल तर प्रश्न लहान करा.

मोजणीतला असाच एक चकवा गवताचा. चरून उघडा पडलेल्या माळावर शंभर मीटर चाललं की सात-आठ सरडे दिसतात, राखलेल्या कुरणात एखादाच. विद्यार्थी लिहून टाकतो, 'चराईने सरडे वाढतात.' कदाचित वाढतही असतील. पण कुसळीच्या गुडघाभर गवतात बसलेला सरडा तुम्हाला दिसणारच नव्हता. दिसलेले आणि असलेले यांतला फरक वहीत शेजारी लिहायचा: गवत किती उंच, सरडा दिसला तेव्हा वाटेच्या रेषेपासून किती लांब होता. उंच गवतात सगळे सरडे वाटेला चिकटूनच दिसत असतील तर चूक डोळ्यांची आहे.

आम्ही मोजलेले दगड

आता माझी फजिती सांगतो. तापमान मोजायचं म्हणून आम्ही बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. लाल ठिपका सरड्याच्या पाठीवर पाडायचा, घोडा दाबायचा, आकडा वाचायचा. सगळे खूश. एक अख्खा उन्हाळा आकडे भरले. शेवटी एका मुलीने यंत्राच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं '१२:१' दाखवलं आणि विचारलं, "सर, हे काय आहे?"

ते म्हणजे असं, की यंत्र बारा सेंटिमीटरवरून बघितलं तर एक सेंटिमीटरच्या वर्तुळाचं सरासरी तापमान देतं. एक मीटरवरून ते वर्तुळ आठ सेंटिमीटरचं होतं. लाल ठिपका फक्त नेम दाखवायला असतो. आमचा सरडा पाठीत जेमतेम बोटभर रुंद, आम्ही उभे दीड मीटरवर. उन्हाळाभर आम्ही दगडाचं तापमान सरड्याच्या नावावर जमा केलं होतं.

त्या वह्या मी ठेवल्या आहेत. नव्या तुकडीला आधी त्या देतो आणि चूक शोधायला सांगतो. तसं दगडाचं तापमानही फुकट जात नाही. 'सरडा बसलेल्या जागेचं तापमान' असं खरं नाव दिलं की ते उपयोगाचंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी काळा दगड हाताला चटका देतो. सकाळी आठपासून दर तासाला एकाच ठरलेल्या वाटेवर फेरी मारायची, किती सरडे उन्हात, किती सावलीत, किती बोरीच्या फांदीवर चढलेले, एवढंच लिहायचं. किती वाजता माळ रिकामा होतो ते आपोआप कळतं. बॅरी सिनर्वो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये जगभरच्या सरड्यांबद्दल जी भीती मांडली ती याच तासांवर उभी आहे: विणीच्या दिवसांत ऊन इतकं चढतं की सरड्याला बिळात बसून राहावं लागतं, खायला वेळ पुरत नाही. मेक्सिकोत त्यांनी पूर्वी नोंद असलेल्या दोनशे ठिकाणी पुन्हा जाऊन पाहिलं तर १२ टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झालेले. पुन्हा जाऊन बघायला आधी कुणीतरी तिथली नोंद केलेली होती, म्हणून ते कळलं.

शून्य लिहायची हिंमत

आता मार्गदर्शकांसाठी, जरा कडू.

एकदा एका विद्यार्थिनीची वही माझ्याकडे आली. पंधरा दिवसांच्या नोंदी, एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. आकडे बहुतेक पाचाने किंवा दहाने भाग जाणारे. घामाचा डाग नाही, खाडाखोड नाही, कडेला "शेळ्या आल्या, थांबलो" असं काही नाही. वही घरी बसून भरलेली होती. मी रागावायच्या तयारीत होतो. विचारलं, तर ती म्हणाली, पहिले तीन दिवस गेले होते, एकही सरडा दिसला नाही, आणि तुम्ही परवा एकाला म्हणालात, "काहीच नाही? मग गेलास कशाला?"

म्हणालो होतो. चेष्टेत, पण म्हणालो होतो.

तेव्हापासून 'आज काय सापडलं?' हा प्रश्न मी बंद केला. विचारतो, 'आज किती वेळ चाललात?' ढगाळ दिवशी दोन तास चालून सरडा दिसला नाही, तर 'शून्य' ही नोंद आहे. वेळ, वाट, ढग, वारा यांच्यासकट लिहिलेलं शून्य पाच सरड्यांच्या आकड्याइतकंच किमती आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर माझ्या हाताने एक शून्याची नोंद करून देतो. आठवड्यातून एकदा तरी सोबत जातो आणि वही मी धरतो, मापं ते घेतात. सर नुसते झाडाखाली बसले आणि पोरं उन्हात, असं झालं की वह्या घरी भरल्या जातात. त्याला पोरांपेक्षा झाडाखालचा माणूस जबाबदार.

नोंदी मराठीत लिहू द्या. "टरकला, पण गेला नाही, मान खाली घातली" हे त्याला मराठीत सुचतं. इंग्रजीत तो 'अलर्ट' एवढं लिहून मोकळा होतो. गावातली नावंही टिपा: घोयरा, सापसुरळी, घोरपड. कुठल्या वाडीवर काय म्हणतात, ते कुणी सांगितलं, त्या माणसाचं वय काय. पन्नास वर्षांपूर्वी घोयरा कुठल्या झाडावर दिसायचा हे पुस्तकात नाही, धनगराच्या आठवणीत आहे.

न पकडता, न चावून घेता

पकडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या व्याख्येत प्राणी पकडणं हेही शिकारीत मोडतं. घोरपड तर अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. बाटलीत सरडा घालून प्रयोगशाळेत आणणं, बोटं कापून खुणा करणं, फॉर्मॅलिनमध्ये बुडवणं, हे सगळं लेखी परवानगी असलेल्या प्रशिक्षित संशोधकांचं काम. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला त्याची गरजच नाही. येडशी रामलिंग घाट अभयारण्य सुमारे बावीस चौरस किलोमीटरचं आहे आणि पोरांना तिथेच जायचं असतं. जा, पण आधी वनविभागाला अर्ज, आणि देवळापर्यंतची वाट सोडून आत शिरायचं तर वनरक्षकाला बरोबर घेऊन. नाहीतर गावचा माळ काय वाईट आहे? शेताचा बांध असेल तर मालकाला विचारायचं. "काय हुडकायलाव रं?" असं कुणी हटकलं तर "सरडे मोजायलो, काका" असं खरं उत्तर द्यायचं. आधी हसतील, मग स्वतः दाखवायला येतील.

घोरपडीचा फोटो काढलात तर जागा जाहीर करू नका. आयनॅचरलिस्टवर टाकताना ठिकाण झाकायची सोय आहे, ती वापरा. घोरपडीच्या मागे अजून माणसं आहेत.

आपल्याकडची कुठलीही पाल किंवा सरडा माणसाला विषबाधा करत नाही, सापसुरळीही नाही. पण ज्या दगडाखाली पाल असते त्याच दगडाखाली फुरसं असतं. दगड उचलायचाच तर काठीने, पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे दगड ढालीसारखा मध्ये राहतो. बघून झालं की होता तसाच ठेवायचा. उलटा टाकलेला दगड म्हणजे कुणाचं तरी मोडलेलं घर. बूट, पूर्ण पँट, दोन लिटर पाणी, साखरमिठाची पुडी, आणि मे महिन्यात अकरा वाजता माघारी. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का, हे पहिल्या दिवसाच्या आधी विचारून ठेवायचं. एकट्याने जायचं नाही.

हा शेवटचा नियम मुलींच्या वाट्याला जास्त कडक येतो. घरचे पाठवत नाहीत, एसटी सहाला सुटते. अशांना मी भिंत देतो. घराच्या बाहेरचा दिवा, रात्री आठ ते नऊ, दर दहा मिनिटांनी भिंतीवरच्या पाली मोजायच्या. पांढरा एलईडी आणि पिवळा बल्ब आलटून पालटून लावायचा. दिव्यापासून प्रत्येक पाल किती वितींवर आहे, शेपूट मूळची आहे की तुटून नवी आलेली. नवी शेपूट जाडसर, गुळगुळीत आणि रंगाने वेगळी दिसते. अशा शेपट्यांचं प्रमाण घरोघरी वेगळं निघतं, आणि मग प्रश्न येतो: मांजर आहे त्या घरी जास्त का? इथे हात आखडता घ्यायचा. तुटकी शेपूट म्हणजे हल्ला झाला आणि पाल वाचली. जी वाचली नाही ती भिंतीवर मोजायला येत नाही. शिवाय पाली आपसांतही भांडतात. आजी-आजोबा, धाकटा भाऊ, सगळे या मोजणीत ओढले जातात, आणि पुढच्या वर्षी माळावर जायची परवानगी बहुतेक मिळते.

छापायचं कुठे

शाळेतल्यांना राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे, कॉलेजच्यांना विद्यापीठाचा 'आविष्कार'. तिथे बक्षीस मिळालं नाही तरी परीक्षकांचे प्रश्न लिहून आणा. लेख करायचा असेल तर पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. त्यांचे ई-मेल प्राध्यापकांना रोज येतात आणि आपल्यातले बरेच जण त्यांना बळी पडले आहेत. कोइमतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' लेखकाकडून शुल्क घेत नाही. ते परत पाठवतील, दुरुस्त्या सांगतील, महिने जातील. जाऊ द्या. आणि ज्या पोराने माळ तुडवला त्याचं नाव लेखावर पहिलं टाका. आभाराच्या ओळीत नाही.

गेल्या उन्हाळ्यातल्या तुकडीतल्या एकीने शेवटच्या दिवशी नकाशा आणला. एक बांध, त्यावरचे दगड, बोरीच्या जाळ्या, आणि प्रत्येक सरड्याची धाव म्हणून एकेक रेघ. बहुतेक रेघा जाळीत जाऊन थांबलेल्या, काही सरळ बांध ओलांडून शेजारच्या रानात गेलेल्या. म्हण खरी की खोटी यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. ती गप्प बसून नकाशाकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, हे बांध ओलांडलेले बघा. यांच्यापुढे मी नर-मादी लिहिलंच नाही. म्हणीतला सरडा नर होता का मादी?"

पाऊस अजून लागला नव्हता, म्हणजे पंधरा-वीस दिवस हातात होते. मी तिला कोरी वही दिली आणि टेप परत घेतला नाही.